वर यायचंय? मग आधी हवा सोडा

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा मित्रांबरोबर तारकर्लीला जाऊन आला. पाण्याखालचे व्हिडिओ आधी सगळ्या घराला दाखवून झाले, मग तो माझ्याकडे वळला. "मामा, एक सांग. वर येताना त्या दादाने माझ्या जॅकेटमध्ये हवा भरायला हवी होती ना? तो तर उलट माझी नळी उंच धरून हवा सोडत होता. हे बघ, बुडबुडे."

पोरगं बारावीला फिजिक्समध्ये काठावर सुटलेलं, पण व्हिडिओत जे बघण्यासारखं होतं ते त्यानेच बघितलं. बाकीच्यांना मासे दिसले.

मी स्वतः चाळिशी उलटल्यावर स्कूबा शिकलो आणि सुरुवातीला माझाही समज तोच होता. खाली जायचं तर हवा सोडायची, वर यायचं तर हवा भरायची. म्हणजे जॅकेट ही लिफ्ट आणि तिला दोन बटणं. यातलं पहिलं अर्धं बरोबर आहे. दुसरं इतकं चूक आहे की ते डोक्यातून काढायला इन्स्ट्रक्टरांचे दोन दिवस गेले, आणि तरीही मी एकदा तीच चूक केली. ती पुढे सांगतो.

आधी हे जॅकेट काय असतं ते. डायव्हिंगवाले त्याला बीसीडी म्हणतात. पाठीवरचा सिलिंडर धरून ठेवणारा बिनबाह्यांचा कोट, आणि त्याच्या आत हवेची पिशवी. डाव्या खांद्यावरून व्हॅक्यूम क्लीनरला असते तशी वळ्यावळ्यांची नळी छातीवर लोंबते. नळीच्या टोकाला दोन बटणं. एक दाबलं की सिलिंडरमधली हवा पिशवीत शिरते. दुसरं दाबलं की नळीचं तोंड उघडतं आणि हवा बाहेर जाऊ शकते. 'जाऊ शकते' हा शब्द लक्षात ठेवा, सगळी मेख तिथे आहे. शिवाय बहुतेक जॅकेटांना उजव्या खांद्यावर आणि मागे कमरेखाली दोरी लावलेल्या झडपा असतात, त्यांना डंप व्हॉल्व्ह म्हणतात. आणि पिशवी गरजेपेक्षा जास्त फुगली तर फुटू नये म्हणून स्प्रिंगवर आपोआप उघडणारी सोयही असते, कुकरच्या शिट्टीसारखी.

पर्यटक म्हणून पहिल्यांदा पाण्यात जाता तेव्हा यातल्या कशालाच तुम्ही हात लावत नाही. गाइड तुमचा सिलिंडर मागून धरतो आणि दोघांचं जॅकेट तोच सांभाळतो. म्हणून परत आल्यावर लोक म्हणतात, काहीच अवघड नाही हो. बरोबर आहे, अवघड भाग दुसरा माणूस करत होता.

या जॅकेटचं खरं काम वर नेणं नाही आणि खाली नेणंही नाही. पाण्याच्या मधोमध, ना तरंगत ना बुडत, लटकत ठेवणं हे त्याचं काम. शाळेतला आर्किमिडीज आठवा. आपण जेवढं पाणी बाजूला सारतो तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं बल आपल्याला वर ढकलतं. एक लिटर गोडं पाणी म्हणजे १ किलो, समुद्राचं जरा जास्त, साधारण १.०२५ किलो. म्हणजे जॅकेटमध्ये एक लिटर हवा वाढली की एक किलोचा धक्का वरच्या दिशेने. एक लिटर कमी झाली की तेवढाच कमी. ढोबळ हिशेबाला एवढं पुरे.

मग अडचण कुठे येते?

आमच्या वडिलांच्या पिढीने विहिरीत पोहायला शिकताना पाठीला पत्र्याचा डबा बांधला. त्यांच्या आधीच्यांनी सुका भोपळा. डबा विहिरीत एक पुरुष खाली नेला तरी डबा तेवढाच राहतो, त्याचा धक्का बदलत नाही. जॅकेट म्हणजे डबा नव्हे, पिशवी आहे. तिला कडक भिंती नाहीत. बाहेरचं पाणी तिला जेवढं आवळेल तेवढी ती लहान होते, पाण्याने पकड सैल केली की मोठी होते. हवा तीच, आकार वेगळा.

हे बघायला समुद्रावर जायची गरज नाही, कसारा घाट पुरतो. मुंबईहून नाशिकला येताना बॅगेत वेफर्सचं पाकीट असेल तर इगतपुरीला हात लावून बघा, टम्म झालेलं असतं. उलट प्रवासात रिकामी पाण्याची बाटली नाशिकला घट्ट झाकण लावून ठेवा, मुंबईत पोचेपर्यंत तिच्या पोटाला खळगा पडतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ७ टक्क्यांनी कमी. तेवढ्यावर एक लिटरच्या बाटलीतली हवा ६०-७० मिलिलिटरने आकसते. गरम-गार झाल्यानेही थोडा फरक पडतो, पण मुख्य काम दाबाचं. रॉबर्ट बॉईलने हा नियम १६६२ साली मांडला. तापमान तेच असेल तर दाब दुप्पट केल्यावर हवेचा आकार अर्धा होतो, दाब निम्मा केल्यावर दुप्पट.

कसाऱ्यात ६०० मीटर चढून ७ टक्के. समुद्रात १० मीटर उतरलात की दाब थेट दुप्पट.

नाशिककर पाणी मारुतीवर मोजतात. पुराच्या दिवसांत गोदावरी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागली का, कमरेला आली का, छातीला भिडली का, यावरून गावाला अंदाज येतो. पाणबुड्याची फूटपट्टी बारमध्ये असते. समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्या अंगावर हवेचा १ बार दाब असतोच. १० मीटरवर २ बार, २० मीटरवर ३, ३० मीटरवर ४. दर १० मीटरला एक बार, पाढ्यासारखं.

आता समजा मी ३० मीटरवर नीट लटकलो आहे आणि जॅकेटमध्ये ४ लिटर हवा आहे. कुठलंही बटण न दाबता मी वर निघालो. २० मीटरवर त्या ४ लिटरचे सव्वापाच झाले. १० मीटरवर ८ लिटर. ५ मीटरवर पावणेअकराच्या आसपास. आणि पृष्ठभागावर १६. मी एक घोटही हवा भरली नाही, तरी माझ्या पाठीवरचा वरचा धक्का १२ किलोने वाढला. यातली गोम अशी की पहिल्या १० मीटरमध्ये जेमतेम सव्वा लिटर वाढली, पुढच्या १० मीटरमध्ये पावणेतीन लिटर, आणि शेवटच्या १० मीटरमध्ये तब्बल ८. जसजसं वर यावं तसतसं प्रकरण बिघडतं. घाटात शेवटचा उतार सर्वांत तीव्र असावा तसं.

शिवाय हे स्वतःच स्वतःला वाढवतं. थोडं वर गेलो म्हणून हवा फुगली, हवा फुगली म्हणून अजून वर गेलो, म्हणून अजून फुगली. टेकडीच्या माथ्यावर चेंडू ठेवावा तशी ही स्थिती असते. चेंडू माथ्यावर टिकतो, पण बोटभर सरकला की तो परत माथ्यावर येत नाही, घरंगळतच जातो. खाली जातानाही हेच, उलट्या दिशेने. जरा खाली गेलं की पिशवी आकसते, धक्का कमी होतो, आणखी खाली. म्हणून पाण्यातला माणूस स्थिर दिसत असला तरी तो सतत बारीक दुरुस्त्या करत असतो.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर आता सोपं झालं. वर येताना गाइडला हवा भरायची गरजच नव्हती, ती आपोआप फुगत होती. फुगलेली जास्तीची हवा तो सोडत होता, नाहीतर दोघंही बाटलीच्या बुचासारखे वर उडाले असते.

"उडालो असतो तर काय झालं असतं? लवकर पोचलो असतो." हा त्याचा पुढचा प्रश्न. दोन गोष्टी झाल्या असत्या, आणि पहिली भयंकर आहे. जॅकेटसारखी आणखी एक हवेची पिशवी आपल्यापाशी असते, छातीत. श्वास रोखून वर आलात तर तीही फुगते, पण तिला शिट्टी नाही. भरलेली छाती रोखून दीड मीटर वर येणंसुद्धा फुप्फुसाला इजा करायला पुरेसं ठरू शकतं, आणि हवा रक्तात शिरली तर मेंदूपर्यंत पोचू शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र, नसेल तेव्हासुद्धा बारीक बुडबुडे सोडत राहायचं. दुसरी गोष्ट म्हणजे दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन. तो सावकाश बाहेर पडायला वेळ लागतो. घाईने वर आलं की त्याचे शरीरातच बुडबुडे होतात. सोड्याच्या बाटलीचं उदाहरण सगळेच देतात, मी देत नाही.

तर हवा सोडायची. कशी?

इथे मला नाशिकचं रामकुंड आठवतं. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, बाहेरगावचे लोक प्लास्टिकच्या कॅनमध्ये तीर्थ भरून घेतात. नवखा माणूस कॅन उलटा करून पाण्यात दाबतो. कॅन भरत नाही. आत हवा अडकलेली, तोंड खाली, तिला जायला वाट कुठे आहे? शेजारची एखादी आजी मग सांगते, "अहो, तिरका धरा." तिरका केला, तोंड वर आलं, गुडगुड गुडगुड आवाज करत हवा निघून गेली आणि पाणी आत आलं.

जॅकेटचं बटण म्हणजे कॅनचं तोंड. ते हवा ओढून बाहेर फेकत नाही. त्यात पंप नाही, पंखा नाही. ते फक्त एक भोक उघडतं. हवा पाण्यात नेहमी वर जाते, म्हणून ती जॅकेटमध्ये जो भाग सर्वांत उंच असेल तिथे जमा होते. भोक त्या हवेच्या वर असेल तरच हवा निघते. खाली असेल तर हवा जागेवर आणि उलट पाणी आत.

यातून सगळे नियम आपोआप निघतात, पाठ करावे लागत नाहीत. उभे असाल तर हवा खांद्यांशी असते. तेव्हा डाव्या हाताने नळी धरायची, वर्गात हात वर करतात तशी डोक्याच्याही वर ताणायची आणि बटण दाबायचं. उजव्या खांद्याच्या झडपेची दोरी ओढली तरी तेच. काही जॅकेटांत नळीच हलकेच खाली ओढली की खांद्यावरची झडप उघडते. पालथे, आडवे पोहत असाल तर हवा पाठीवर पसरलेली असते. मग डावा खांदा जरा उचलून नळी वर करा, नाहीतर पार्श्वभाग थोडा उंच करून मागची दोरी ओढा. आणि डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत असाल तर नळीचा काहीही उपयोग नाही. त्यावेळी मागची झडप हीच एकमेव वाट.

माझी चूक इथलीच. समुद्रातला तिसरा दिवस, खोली १२ मीटरच्या आसपास. खडकाच्या कडेवर एक ऑक्टोपस दिसला, तो नीट बघायला मला हातभर वर यायचं होतं. सरळ श्वास भरून घेतला असता तरी काम झालं असतं. पण डोक्यातली लिफ्ट अजून गेली नव्हती. मी हवा भरायचं बटण दोनदा दाबलं. काहीच झालं नाही असं वाटलं, म्हणून तिसऱ्यांदा. मग झालं. ऑक्टोपस खाली जायला लागला, म्हणजे अर्थात मी वर. मी घाईने दुसरं बटण दाबलं, दाबूनच धरलं. पण मी होतो पालथा, डोकं खालच्या बाजूला, ऑक्टोपसकडे बघत. नळी छातीखाली लोंबत होती. हवा सगळी कमरेपाशी जमलेली. एक बुडबुडा निघाला नाही. तेवढ्यात कुणीतरी माझा पाय पकडला आणि पाठीमागे भसकन आवाज झाला. इन्स्ट्रक्टरनी मागची दोरी ओढली होती. बोटीवर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "बटण दाबायच्या आधी हवा कुठे आहे ते बघायचं."

यात दुसराही धडा आहे, उशिराचा. बटण दाबल्यावर परिणाम लगेच कळत नाही. अंग आणि सामान मिळून १०० किलोच्या घरात, त्याला हलायला दोन-तीन सेकंद लागतात. जुन्या बाथरूममधल्या गरम-थंड नळांची आठवण करा. गरम सोडलं, काही झालं नाही, अजून सोडलं, मग एकदम चटका बसला, घाईत थंड सोडलं, मग कुडकुडलो. नवे पाणबुडे पाण्यात अगदी असेच वरखाली होतात. उपाय एकच. बटण टुचकन दाबायचं, सोडायचं, एक श्वास घ्यायचा, काय झालं ते बघायचं. मग पुढचं टुचकन.

श्वासाचं महत्त्व तर मला सगळ्यात उशिरा कळलं. नीट लटकलेला माणूस भरून श्वास घेतो तेव्हा तो हळूच वर सरकतो, सोडतो तेव्हा हळूच खाली येतो. फुप्फुसं म्हणजे बारीक मापाचा तराजू, जॅकेट म्हणजे गोणी मोजायचा काटा. हातभर वर-खाली व्हायला गोणीचा काटा कशाला? अनुभवी पाणबुड्यांचा हात तळाला असताना बटणाकडे क्वचितच जातो.

आता ज्याबद्दल कुणीच पुरेसं बोलत नाही ते. शिसं.

वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा रबरी पोशाख, तरंगतो, आपणही थोडेफार तरंगतो, म्हणून खाली जायला कमरेला शिशाची वजनं बांधतात. नवख्याला बुडायला त्रास होतो, कारण तो घाबरून छाती भरून ठेवतो. मग आणखी शिसं बांधलं जातं. पण प्रत्येक जादा किलो शिशाला तोलायला जॅकेटमध्ये एक जादा लिटर हवा लागते. आणि जादा लिटर म्हणजे वर येताना फुगणारी जादा हवा. तीन किलो शिसं उगाच बांधलं असेल तर तुम्ही तीन लिटर उपद्रव पाठीवर घेऊन फिरताय. हवा सोडण्याचा अर्धा त्रास किनाऱ्यावर वजन बांधतानाच ठरतो. माझं स्पष्ट मत आहे की ज्याचं शिसं बरोबर, त्याचं जॅकेट सरळ.

किती बांधायचं? पृष्ठभागावर उभं राहा, जॅकेट पूर्ण रिकामं करा, सामान्य श्वास घेऊन थांबा. पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं. श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवं. यात एक गंमत मिळवावी लागते, सिलिंडरची. घरातला गॅस संपत आला की आपण सिलिंडर हलवून बघतो, हलका लागतो. डायव्हिंगचा सिलिंडरही तसाच हलका होतो. नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये २०० बारला जवळपास २२०० लिटर हवा बसते, म्हणजे अडीच किलोच्या पुढे वजन. ५० बार उरेपर्यंत त्यातली दोन किलो तुम्ही श्वासातून बुडबुड्यांत घालवलेली असते. म्हणजे डाइव्ह संपताना, नेमकं जिथे हवा सर्वांत जास्त फुगते त्या उथळ पाण्यात, तुम्ही दोन किलो हलके झालेले असता. सुरुवातीला सिलिंडर भरलेला असताना तपासणी केली तर हे दोन किलो हिशेबात धरायचे.

नाशिकच्या माणसाला आणखी एक हिशेब लागतो. आपला सराव तरणतलावात, गोड्या पाण्यात. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड, त्यामुळे सामानासकट १०० किलोच्या माणसाला समुद्रात दोन-अडीच किलो शिसं जास्त लागतं. तलावातला आकडा घेऊन मालवणला गेलात तर बुडणारच नाही. आणि कुणी म्हणालं की गंगापूर धरण एवढं जवळ असताना समुद्र कशाला, तर ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, शिवाय समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वरच्या पाण्यात डाइव्ह करणं हा शिकण्याचा वेगळा विषय धरला जातो. पृष्ठभागावरचाच दाब कमी असल्याने किती खोल किती वेळ राहायचं याचे सगळे तक्ते बदलतात.

एक गोष्ट मात्र तलावात समुद्राइतकीच खरी, किंबहुना जास्त. तीन मीटर खोल तलावात तळापासून वर येताना दाब १.३ वरून १ वर येतो, तेवढ्यात हवा ३० टक्क्यांनी फुगते. समुद्रात ३० मीटरवरून २० वर येताना ती ३३ टक्क्यांनी फुगते. म्हणजे उथळ पाण्यातले तीन मीटर हे खोल पाण्यातल्या दहा मीटरच्या तोडीचे. तलावात जमलं तर पुढे जमतं, हे इन्स्ट्रक्टर उगाच म्हणत नाहीत.

उतरण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जोडीदाराला अंगठा खाली करून खूण, नळी उंच, टुचकन टुचकन हवा सोडायची, श्वास पूर्ण सोडायचा, पाय हलवायचे नाहीत. लोक हवा सोडतात आणि सवयीने पाय मारत राहतात, मग बुडत कसे नाही म्हणून चिडतात. खाली जाताना पिशवी आकसेल तशी हवा थोडी थोडी परत भरायची, म्हणजे तळावर आपटत नाही. नाक दाबून कान मोकळे करत राहायचे. बस.

जाता जाता, अंगठा वर म्हणजे पाण्यात 'छान' नव्हे, 'वर चला'. आमच्या तुकडीतल्या एका काकांनी मासा आवडला म्हणून अंगठा दाखवला आणि गाइड त्यांना घेऊन थेट वर निघाला. छान म्हणायचं असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल वर्तुळ.

वर येणं मात्र सावकाश वाचा. आधी खूण, मग डोकं वर, एक हात वर, डाव्या हातात नळी उंच धरलेली. आता पहिली हालचाल अशी की बटण टुचकन दाबून थोडी हवा सोडायची. हो, निघण्याआधीच. मग पायांनी हळूहळू पोहत वर यायचं. वर न्यायचं काम पायांचं, हवेचं नाही. दर मीटर-दोन मीटरला पुन्हा टुचकन. पाय थांबवल्यावर तुम्ही जवळपास तिथेच थांबायला हवं. पाय थांबवूनही वर जात असाल तर हवा जास्त आहे. याहून सोपी परीक्षा नाही.

वेग किती? मिनिटाला ९ मीटर हा आज सर्रास सांगितला जाणारा आकडा, काही संस्था १८ मीटर ही कमाल मर्यादा मानतात. मिनिटाला ९ मीटर म्हणजे सेकंदाला १५ सेंटिमीटर, वीतभरही नाही. हे किती सावकाश आहे ते जिन्यावर करून बघा, एक पायरी चढायला सेकंदाहून जास्त. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर जास्त वेग झाला की ओरडतो. तो नसेल तर जुना ठोकताळा असा की आपल्याच सर्वांत बारीक बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही.

मग ५ मीटरवर थांबायचं, तीन मिनिटं. याला सेफ्टी स्टॉप म्हणतात, नायट्रोजनला बाहेर पडायला वेळ मिळावा म्हणून. आणि हेच सगळ्यात अवघड ठिकाण आहे. सिलिंडर हलका झालेला, हवा सर्वांत चंचल, लाटा वर-खाली करतायत, माणूस थकलेला आणि बोट डोक्यावर दिसतेय. इथे जॅकेट जवळपास रिकामं असायला हवं. बहुतेक फसलेल्या डाइव्ह मी इथे फसताना पाहिल्यात: माणूस तीस सेकंद थांबतो, श्वास भरतो आणि बुचासारखा वर.

तरीही सुटलात तर? श्वास सोडत राहा, हे पहिलं आणि शेवटचं. उभे असाल तर नळी उंच करून बटण दाबूनच धरा, नाहीतर जी झडप वर असेल तिची दोरी ओढा. निम्मी हवा गेल्यावर हातपाय पसरून आडवे व्हा, पाण्याचा विरोध वाढतो आणि वेग कमी होतो. क्वचित असंही होतं की भरायचं बटणच अडकतं, मीठ किंवा वाळू अडकल्याने, आणि हवा आत येतच राहते. त्यासाठी सिलिंडरकडून येणारी बारीक नळी एका झटक्यात काढता येते. हे काढणं तलावात डोळे मिटून वीस वेळा केलेलं असावं लागतं. लेख वाचून हे हातात येत नाही, ते शिकवणाऱ्यासमोरच करायचं.

आज हे सगळं बटणावर आहे म्हणून तक्रार करतो. कूस्तो आणि गाग्नान या फ्रेंच जोडीने १९४३ मध्ये आधुनिक रेग्युलेटर तयार केला तेव्हा असं जॅकेट नव्हतंच. शिसं अंदाजाने बांधायचं आणि बाकी फुप्फुसांवर भागवायचं. हवा भरता-सोडता येणारी जॅकेटं पुढच्या दोन-तीन दशकांत रूढ झाली. त्यामुळे जुन्या पिढीच्या पाणबुड्यांचा श्वासावरचा ताबा आपल्यापेक्षा कैक पटीने चांगला असावा, असं मला नेहमी वाटतं.

पाण्याबाहेर डोकं आलं की मात्र भरायचं बटण मनसोक्त दाबा. इथे ते लिफ्टसारखं वागलं तरी चालतं. बोट येईपर्यंत तरंगत राहायला ते लागतं. आणि परतीचं एक: विमानाने येणार असाल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास थांबतात. गाडीने आंबोली घाट चढून येणार असाल तरी तो ७०० मीटरच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी घाट गाठायचा बेत इन्स्ट्रक्टरला आधी विचारा. मुक्काम करा, सोलकढी प्या, सकाळी निघा.

भाच्याला हे सगळं सांगून झाल्यावर मी माझं जॅकेट काढलं. गेल्या खेपेला मालवणहून आल्यावर ते धुवायचं राहून गेलं होतं. बाथरूममध्ये त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, आतलं समुद्राचं पाणी काढून दाखव. हवा सोडताना थोडं थोडं पाणी आत जातच असतं. त्याने बटण दाबलं, जॅकेट जोरजोरात हलवलं, काही निघालं नाही. मग थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभा राहिला. त्याने जॅकेट उलटं केलं, नळीचं तोंड सगळ्यात खाली आणलं, पुन्हा बटण दाबलं. पाणी हवेच्या उलट्या वाटेने जातं, हे त्याचं त्यालाच सुचलं होतं. ग्लासभर खारं पाणी फरशीवर पडलं, मागोमाग थोडी वाळू. मग त्याने नळीतून गोडं पाणी भरलं, खळखळून पुन्हा काढलं, दोनदा. शेवटी तोंडाने फुंकून अर्धवट फुगवलं, म्हणजे आतले थर एकमेकांना चिकटत नाहीत, आणि गच्चीत सावलीला टांगलं.